चोवीस तासांची खिडकी : प्रकल्प नोंदी

५ डिसेंबर

वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या खोलीतली पूर्वेकडची खिडकी मला रंगीत काचेत करायला मिळाली. मोकळी चौकट ६० बाय ९० सेंटिमीटर, म्हणजे एकाच पॅनेलमध्ये काम होईल. विषय माझ्यावर सोपवलाय, फक्त तो वर्तमानपत्राशी नातं सांगणारा हवा. दौत-टाक, छपाईचे खिळे, उगवता सूर्य अशा सूचना आल्या. मी होमी मिस्त्रींचं प्रकरण मांडलं, तर बैठकीतल्या एकालाही ते नाव ओळखीचं वाटलं नाही. रोज तीन-चार वर्तमानपत्रं चाळणारी माणसं ही. त्यांना मी दोष देत नाही. पण जिथे ही गोष्ट सगळ्यात आधी आठवायला हवी, त्याच खोलीत तिचा मागमूस नसावा, याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून पहिली नोंद काचेची न करता प्रकरणाची करते.

'ब्लिट्झ' हे मुंबईचं इंग्रजी साप्ताहिक, रुसी करंजियांनी १९४१ मध्ये सुरू केलेलं. १९५२ साली होमी दिनशा मिस्त्री त्याचे प्रभारी संपादक होते. साप्ताहिकातल्या एका लेखावरून उत्तर प्रदेश विधानसभेने त्यांच्यावर हक्कभंगाचा, म्हणजे सभागृहाचे विशेषाधिकार मोडल्याचा, आरोप ठेवला. ११ मार्च १९५२ रोजी त्यांना मुंबईत अटक झाली आणि विधानसभेच्या अध्यक्षांसमोर उभं करण्यासाठी लखनौला नेण्यात आलं. राज्यघटना लागू होऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान नुकतंच आटोपलं होतं.

घटनेचा अनुच्छेद २२(२) सांगतो की अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केलं पाहिजे, आणि त्याच्या हुकुमाशिवाय त्यापुढे कोठडीत ठेवता येणार नाही. या २४ तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत. पण तो प्रवास अटकेच्या जागेपासून त्या जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापर्यंतचा. मुंबईत पकडलेल्या माणसासाठी असा अधिकारी मुंबईतच होता. मिस्त्रींना कुठल्याच न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेलं नाही.

गुणुपती केशवराम रेड्डी यांनी विधानसभेचे अध्यक्ष नफीसुल हसन यांच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा कोठडीतून सुटकेचा, अर्ज केला. २४ तासांत हजर केलं नव्हतं, हे सरकारी बाजूने मान्य केलं. १८ मार्चला न्यायालयाने मिस्त्रींना सोडून देण्याचा आदेश दिला. निकाल अगदी आखूड आहे. ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहाच्या १९५४ च्या खंडात तो ६३६ व्या पानावर आहे.

हे सगळं बैठकीत सांगितल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही, आणि मग होकार मिळाला.

९ डिसेंबर

मिस्त्रींचा चेहरा काढायचा नाही, हे ठरलं. चेहरा दिसला की बघणारा 'हे कोण' एवढं विचारून पुढे जातो. मला त्याच्या मनात 'किती वेळ' हा प्रश्न उभा करायचा आहे.

वरच्या भागात ४४ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ. मध्ये तांबडं केंद्र, त्याची त्रिज्या १२ सेंटिमीटर. त्याभोवती २४ तुकड्यांचं कडं, तासाला एक तुकडा, प्रत्येकाला १५ अंश. कड्याच्या काचा जवळजवळ बिनरंगी, फक्त शेवटचा तुकडा पिवळा. वर्तुळाखाली सात उभ्या निळ्या पट्ट्या, डावीकडून उजवीकडे गडद होत जाणाऱ्या. ११ मार्चपासून १८ मार्चपर्यंतचे ते दिवस.

केंद्रातल्या तांबड्या काचेवर वर्तमानपत्राचा रकाना येईल, पण वाचता येणारा मजकूर नाही, नुसत्या कमी-जास्त लांबीच्या ओळी. लेख बरा होता की वाईट, या वादात बघणाऱ्याने अडकू नये. लेख कितीही बोचरा असला तरी २४ तासांची मर्यादा तीच राहते.

१४ डिसेंबर

पूर्ण मापाचं रेखाटन झालं. काचा जोडणारी शिशाची पट्टी आडवी कापून पाहिली तर एच अक्षरासारखी दिसते: दोन बाजूंना पाती, मध्ये कणा. काच पात्यांच्या आत शिरून कण्याला टेकते. कणा साधारण पावणेदोन मिलिमीटर जाड, म्हणून रेखाटनावरची प्रत्येक रेघही तेवढ्याच जाडीची हवी. कड्यात २४ सांधे आहेत. प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर जादा गेला, तर वर्तुळ मिटायच्या वेळी १२ मिलिमीटर कमी पडतील. तासांच्या तुकड्यांमधले आरे नाजूक दिसावेत म्हणून त्यांना ४ मिलिमीटर रुंदीची पट्टी, वर्तुळांना ६ ची, बाहेरच्या कडेला १० ची.

नमुने कापायची कात्री तीन पात्यांची असते. ती कापताना कण्याएवढी कागदी फीत मधून काढून टाकते, त्यामुळे प्रत्येक नमुना आपोआप काचेच्या खऱ्या मापाचा होतो. प्रत्येक नमुन्यावर तासाचा आकडा घातला.

२० डिसेंबर

काचा निवडल्या. केंद्रासाठी थर दिलेली तांबडी काच घेतली. तिच्यात बिनरंगी काचेवर तांबड्या काचेचा पातळ थर असतो. अख्खी काच तशी तांबडी केली तर ती जवळजवळ काळी दिसेल, म्हणून जुन्या कारागिरांनी ही युक्ती काढली. मला तिचा दुसरा उपयोग आहे: थर खरवडला की खालची बिनरंगी काच उघडी पडते, म्हणजे तांबड्यात पांढऱ्या ओळी मिळतात.

निळ्याने मात्र विचारात पाडलं. कोबाल्टची निळी काच प्रकाशात आपल्या हद्दीबाहेर पसरते. शेजारची शिशाची रेघ लांबून बारीक होते, कधी नाहीशीच होते. फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक यांनी एकोणिसाव्या शतकात यावर सविस्तर लिहून ठेवलंय. तांबडं तेवढं पसरत नाही. म्हणजे खालच्या सात पट्ट्या मोकळ्या सोडल्या, तर सकाळच्या उन्हात त्या एकमेकींत मिसळून एकच निळा पडदा होतील. मला ते दिवस वेगवेगळे दिसायला हवेत. म्हणून प्रत्येक पट्टीच्या कडेला काळ्या रंगाची बारीक जाळीरेषा काढून भाजायची. काम वाढलं, पण त्याला पर्याय नाही.

२८ डिसेंबर

आज काच हातात घेतली नाही. १९५८ चा निकाल पुन्हा वाचत बसले.

पाटण्याच्या 'सर्चलाइट' या इंग्रजी दैनिकाने ३१ मे १९५७ च्या अंकात बिहार विधानसभेतलं एक भाषण पूर्ण छापलं. त्यातला काही भाग अध्यक्षांनी कामकाजातून वगळलेला होता. संपादक एम. एस. एम. शर्मा यांना हक्कभंगाची नोटीस आली आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ डिसेंबर १९५८ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला: अनुच्छेद १९४(३) ने सभागृहाला दिलेले विशेषाधिकार भाषणस्वातंत्र्यापुढे मागे हटणार नाहीत. मूलभूत हक्क वरचढ असतात, याला दाखला म्हणून मिस्त्री प्रकरण पुढे आलं होतं. बहुमताने ते बाजूला ठेवलं. तो निकाल वकिलांच्या कबुलीवर उभा होता, त्याला विचारपूर्वक दिलेलं मत म्हणता येत नाही, असं त्यांनी नोंदवलं. न्यायमूर्ती सुब्बाराव एकटे वेगळे राहिले.

हे वाचताना दर वेळी माझा जीव तुटतो. कबुली कशाची होती? एका माणसाला अटक केली आणि न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेलं नाही, या घडलेल्या गोष्टीची. घडलेलं मान्य झाल्यावर न्यायालयाने घटना उघडली, अनुच्छेद लावला आणि माणूस सोडला. याहून वेगळा विचार कसला करायचा होता? माझं शिक्षण कायद्याचं नाही. पण इतका सरळ निकाल नंतर एका वाक्यात हलका केला जातो, आणि पुढच्या पिढ्यांना मिस्त्रींचं नाव भेटलंच तर त्या एका वाक्यातून भेटतं, हे मला सहन होत नाही. लोकांच्या स्मरणातून गोष्टी गळतात, ते मी समजू शकते. इथे मात्र निकालाचं वजनच आधी काढून घेतलं गेलं, आणि वजन गेल्यावर त्याला कुणी धरून ठेवलं नाही.

रात्री रेखाटनात बदल केला. जुन्या खिडक्यांत काच तडकली की तो तुकडा न बदलता तड्यावरून शिशाची पट्टी घालत. त्या पट्ट्या मूळ चित्रात बसत नाहीत. चेहऱ्यावरून, हातावरून आडव्या जातात आणि त्या काचेचं काय झालं ते दाखवत राहतात. चोविसावा, पिवळा तुकडा मी मुद्दाम दोन भागांत कापणार. मध्ये ६ मिलिमीटरची पट्टी, बाकीच्या आऱ्यांपेक्षा रुंद आणि तिरकी. तीच १९५८ ची रेघ.

६ जानेवारी

कापणी. कटरच्या चाकाला तेल, हात खांद्यापासून हलवायचा, चरा एकदाच ओढायचा. चऱ्यावरून चाक पुन्हा फिरवलं तर धार जाते आणि काच भलतीकडे फुटते. चरा बरोबर पडला की बारीक सलग करकर ऐकू येते. आवाज तुटला तर तिथे चाक काचेला लागलेलंच नाही.

कड्याचे तुकडे आतल्या बाजूने खोलगट आहेत. अशी आत जाणारी कमान एका झटक्यात तुटत नाही. आधी उथळ चरा, तेवढा भाग पकडीने काढायचा, मग आणखी खोल, असं चघळत चघळत रेघेपर्यंत यायचं. निळ्या पट्ट्यांची वरची टोकं वर्तुळाला बिलगतात, तिथे काच निमुळती होते. त्या टोकांना फार वेळ लागला. सगळ्यात गडद पट्टीचं टोक घासताना उडालं. त्या छटेचा एकच तुकडा उरला होता, तो पुरला.

घासण्याच्या यंत्राला पाणी चालूच ठेवायचं. कोरडी घासली तर काच तापून तडकते, आणि काचेची धूळ छातीत जाते ती वेगळीच.

१७ जानेवारी

रंगकाम. काचेवरचा काळा रंग म्हणजे दळलेली काच आणि लोखंडाचं किंवा तांब्याचं ऑक्साइड. डिंकाच्या पाण्यात घोटून कुंचल्याने लावायचा. भट्टीत ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास ही भुकटी वितळून काचेचाच भाग होते, मग नखाने तर सोडाच, शतकांच्या पावसानेही सहजासहजी जात नाही. पट्ट्यांच्या कडेच्या जाळीरेषा आज भाजून निघाल्या. भट्टी रात्रभर बंदच ठेवली. साधारण ५०० अंशांच्या टप्प्यातून काच घाईने खाली आणली तर आत ताण राहतो, आणि मग ती एखाद्या दिवशी विनाकारण तडकते.

पिवळ्यासाठी चांदी. चांदीच्या क्षाराचा लेप काचेच्या मागच्या बाजूला द्यायचा आणि रंगापेक्षा कमी उष्णतेवर, ५७० अंशांच्या आसपास भाजायचा. चांदी काचेत शिरते. वर राहिलेला मातकट थर पुसला की खाली लख्ख पिवळा निघतो. युरोपात ही रीत चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. त्यामुळे एकाच काचेवर, मध्ये शिसं न घालता, पांढऱ्याशेजारी पिवळं ठेवता येऊ लागलं. मला इथे अख्खाच तुकडा पिवळा हवा होता. भट्टी उघडली तेव्हा एका अर्ध्याचा पिवळा दुसऱ्यापेक्षा जरा गडद आला होता. तसाच ठेवला. मधल्या पट्टीच्या दोन बाजूंना उजेड सारखा नसावा, हे मला पटलं.

२५ जानेवारी

तांबड्या काचेवर रकाना कोरला. हा थर हायड्रोफ्लोरिक आम्लाने पूर्वी खात असत, आजही खातात. मी ते घरात आणणार नाही. ते कातडीतून आत उतरून हाडापर्यंत इजा करतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. प्लास्टिकचा चिकट कागद लावून ओळी कापल्या आणि वाळूच्या फवाऱ्याने थर उडवला. ओळी स्वच्छ उमटल्या. लांबून खरोखर छापील रकाना वाटतो.

२ फेब्रुवारी

जुळणी सुरू. फळीवर काटकोनात दोन पट्ट्या ठोकल्या आणि कोपऱ्यातून काम उचललं. शिशाची पट्टी वापरण्याआधी ताणून घ्यावी लागते, म्हणजे तिच्यातले बाक जातात आणि ती थोडी ताठ होते. पाती लाकडी सळईने उघडायची, काच आत सरकवायची, नालाच्या खिळ्यांनी धरून ठेवायची, पुढचा तुकडा. हात सारखे धुवायचे, टेबलावर खाणंपिणं नाही. शिसं पोटात जाऊ देण्यासारखी गोष्ट नाही.

हे काम संथ आहे, आणि संथ कामात डोकं मोकळं असतं. एकेक तास जोडताना मनात १९५८ नंतरच्या हक्कभंगाच्या प्रकरणांची यादी चालू होती. १९६१: आचार्य कृपलानींवरच्या लेखासाठी लोकसभेने करंजियांना २९ ऑगस्टला सभागृहासमोर उभं करून समज दिली. 'ब्लिट्झ'च पुन्हा. १९६४: उत्तर प्रदेश विधानसभेने केशव सिंग या गोरखपूरच्या माणसाला सात दिवसांची कैद दिली. उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्याला जामीन दिला, तर सभागृहाने त्या न्यायमूर्तींनाच ताब्यात घेऊन समोर आणण्याचा ठराव केला. प्रकरण राष्ट्रपतींमार्फत सर्वोच्च न्यायालयाकडे गेलं. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या नेतृत्वाखालच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ३० सप्टेंबर १९६४ ला सल्ला दिला, आणि जीवित व स्वातंत्र्याचा हक्क सभागृहाच्या अधिकारापुढे बाद होत नाही, एवढं तरी त्यातून वाचलं. भाषणस्वातंत्र्याबद्दलचं १९५८ चं म्हणणं मात्र जागच्या जागी राहिलं.

१९८७: 'आनंद विकटन' या तमिळ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आमदार-मंत्र्यांवरचं एक व्यंगचित्र आलं, आणि तमिळनाडू विधानसभेने संपादक एस. बालसुब्रमण्यन यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी दिली. देशभर आवाज उठला म्हणून ते काही दिवसांतच सुटले. २००३: त्याच विधानसभेने 'हिंदू'च्या पाच जणांना आणि 'मुरसोली' या तमिळ दैनिकाच्या संपादकांना १५ दिवसांची कैद दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१अ आला, त्याने सभागृहाच्या कामकाजाच्या खऱ्या वृत्तांताला संरक्षण मिळालं. टीकेला नाही. आणि विशेषाधिकार नेमके कोणते, ते कुठे संपतात, हे एका कायद्यात लिहून काढायचं काम अजून व्हायचंच आहे.

प्रत्येक वेळी लोक चकित होतात, जणू असं पहिल्यांदाच घडलं. माझी तडफड हीच आहे. १९५२ चं प्रकरण आठवणीत असतं, तर १९८७ ला आणि २००३ ला पहिला प्रश्न 'असं करता येतं का' हा नसता. 'न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेलं का' हा असता.

आज कडं मिटलं. शेवटचा पिवळा तुकडा बसवताना दोन्ही अर्धे आणि मधली रुंद पट्टी यांना किंचित घासावं लागलं, बाकी माप जुळलं.

८ फेब्रुवारी

डाख दिला. साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं. हे मिश्रण १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, निव्वळ शिसं ३२७ ला. या दोहोंच्या मधल्या जागेतच काम करायचं असतं. डाखायचं तापलेलं लोखंड जास्त वेळ टेकलं की सांधाच वितळून भोक पडतं. केंद्राजवळ आरे दाटीने येतात, तिथे एका सांध्याची उष्णता शेजारच्याला लागत होती. म्हणून एक सोडून एक घेत गेले. दुसरी बाजू करण्यासाठी पॅनेल उलटवताना ते फळीच्या कडेवरून सरकवत उभं केलं. आडवं उचललं असतं तर मधोमध वाकलं असतं.

११ फेब्रुवारी

लांबी (पुटी) भरली. खडूची भुकटी, उकळलेलं जवसाचं तेल, थोडं टर्पेंटाइन, रंगासाठी काजळी. घट्ट ब्रशने पात्यांखाली कोंबायची, दोन्हीकडून. हिच्यामुळे खिडकीतून पाणी आत येत नाही आणि ती खडखडतही नाही. वरून कोरडी भुकटी शिंपडून घासलं की जादा तेल निघतं, काच साफ होते आणि शिसं आपोआप काळपट पडतं. आता काही आठवडे हात लावायचा नाही.

४ मार्च

खिडकी बसली. मागून दोन आडव्या लोखंडी सळया. सांध्यांवर डाखलेल्या तांब्याच्या तारा त्यांच्याभोवती पिळून टाकल्या. एक सळई पिवळ्या तुकड्याच्या मागून जाणार होती, ती निळ्या पट्ट्यांच्या वरच्या काठावर उतरवली. जाळीरेषांनी काम केलं. सकाळच्या थेट उन्हातही सात पट्ट्या मोजता येतात.

वाचायला आलेल्यांपैकी दोघांनी पिवळ्या तुकड्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही काच आधीच फुटली होती का?" मी त्यांना १९५८ सांगितलं. एक गृहस्थ टेबलावरचं वर्तमानपत्र तसंच उघडं ठेवून मिस्त्रींबद्दल विचारत उभे राहिले, बराच वेळ.

दुपारी फलकाच्या मजकुरावर चिटणिसांशी बोलणं झालं. मी तीन ओळी दिल्या होत्या.

११ मार्च १९५२ : संपादक होमी दिनशा मिस्त्री यांना मुंबईत अटक. २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केले नाही.
१८ मार्च १९५२ : सर्वोच्च न्यायालयाकडून सुटकेचा आदेश, अनुच्छेद २२(२).
१२ डिसेंबर १९५८ : वरील निकाल 'विचारपूर्वक दिलेले मत नव्हे' म्हणून बाजूला.

"ताई, तिसरी ओळ काढूया का? पहिल्या दोन वाचून माणसाला बरं वाटतं," चिटणीस म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता. मी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि म्हटलं, तिसरी ओळ काढायची तर ही पट्टीही काढावी लागेल, आणि पट्टी काढली तर तुकडे गळून पडतील. त्यांनी पुन्हा एकदा तिन्ही ओळी वाचल्या आणि होकार दिला. फलक खिडकीच्या उजव्या हाताला लागेल, बसून वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. अक्षरं मोठी ठेवायला सांगितली आहेत.